पेटी नको, रंग द्या

दिवाळी जवळ आली की आमच्या मध्यमवर्गीय घरांत कलेविषयी एकाएकी उमाळा दाटून येतो. मुलगा वहीच्या कडेला चित्रे काढतो, मुलीला शाळेत चित्रकलेचे बक्षीस मिळाले आहे. तेव्हा यंदा त्यांना तैलरंगांची पेटी घ्यावयाची असे ठरते. आणि पेटी निवडावयाची ती कशावरून? तर नळ्यांच्या संख्येवरून! बारांपेक्षा चोवीस बऱ्या, एवढेच आमचे रंगशास्त्र. या चोवीस नळ्यांविरुद्ध मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची पूड आणि बहुधा जवसाचे तेल यांचा घोटून केलेला लगदा. रंगद्रव्य महाग, म्हणून स्वस्त नळीत ते कमी आणि खडूसारखी भर अधिक. मुलगा मोठ्या हौसेने पिवळ्यात निळा मिसळतो, निघतो तो निस्तेज, मळकट हिरवा. बिचाऱ्याला वाटते, आपलाच हात वाईट! त्याच पैशांत चांगल्या प्रतीच्या सहा नळ्या घ्याव्यात, असे माझे म्हणणे आहे: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, एक तेजस्वी पिवळा आणि एक न उडणारा तांबडा. यांतील ऑकर आणि सिएना तर आपल्या गेरूच्याच कुळातली माती; चांगल्या प्रतीतही त्या फारशा महाग नसतात. स्वीडनचे चित्रकार आंदेर्स झोर्न (१८६०–१९२०) यांचे नाव तर चारच रंगांच्या तबकाशी जोडले गेले आहे.

यावर ठरलेले उत्तर येते: “अहो, प्रतिभा हवी, साधनांचे काय घेऊन बसलात?” हे वाक्य ऐकावयास मोठे गोड, परंतु तंबोरा न जुळवता गावयास बसणाऱ्याला आपण प्रतिभावंत म्हणत नाही. व्हॅन गॉग यांच्या प्रतिभेविषयी तर कोणाला शंका नाही ना? १८८८ साली त्यांनी आपल्या शयनगृहाचे चित्र रंगविले, तेव्हा त्यातील भिंती जांभळ्या होत्या. मिश्रणातला तांबडा उडणारा निघाला आणि आज आपण पाहतो त्या भिंती निळ्या आहेत. प्रतिभेला तो तांबडा राखता आला नाही.

खरे म्हणजे हे शास्त्र आमच्या स्वयंपाकघराला परके नाही. विदर्भात ज्या जवसाची चटणी करतात, त्याचेच शुद्ध केलेले तेल रंगात असते. करडईचे तेल कमी पिवळे पडते, म्हणून ते पांढऱ्या रंगात घालतात. शेंगदाण्याचे तेल मात्र वाळतच नाही. जवसाचे तेल वाळते, तेही पाण्यासारखे उडून नव्हे, तर हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणूनच खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल अधिक हवे. उलट केले, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. तसेच कोऱ्या कापडावर तेल थेट मुरले, तर ते कापडाला हळूहळू कुजविते. म्हणून आधी सरस आणि वर अस्तर चढवावे, किंवा अस्तर केलेले कॅनव्हास घ्यावे. चित्र वाळले असे वाटले, तरी वार्निशाला निदान सहा महिने थांबावे. पेटी विकणारा यातले काही सांगतो काय?

निदान एक गोष्ट तरी त्याने सांगावयास हवी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या, तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि पणत्या दूर. फटाक्यांबद्दल मुलांना दहा वेळा बजावणारे आपण, या चिंध्यांबद्दल अवाक्षर काढीत नाही.

मुलांच्या हौसेचा मान राखावयाचा असेल, तर तिला खेळणे समजणे आपण सोडले पाहिजे. यंदा दुकानात गेलात, तर नळ्या मोजू नका. नळी उलटी करून तीत कोणते रंगद्रव्य आहे आणि ते उजेडात किती टिकते, हे वाचा. ते छापलेलेच नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर नळी फळीवर परत ठेवा आणि पुढच्या दुकानाची पायरी चढा.