तीन दगडांवरची कॉफी



गेल्या डिसेंबरात आमच्या अभ्यासवर्गातील सातारा आणि सांगलीकडची मुलेमुली मिळून आम्ही चौदा जण एका रात्रीच्या मुक्कामाला बाहेर पडलो. मिरज तालुक्यात दंडोबाचा डोंगर आहे. त्याच्या अलीकडे ओळखीतून एका शेतकऱ्याच्या रानात जागा मिळाली. खरे म्हणजे मुलांना कासला, नाहीतर चांदोलीला जायचे होते. पण आम्ही पडलो कारकून, नियम आधी बघतो. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि चांदोलीचे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले आहे. राखीव जंगलात परवानगीवाचून आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. (ज्या वर्षी चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्याच वर्षीचा हा कायदा.) तेव्हा ज्यांना चूल मांडायची हौस आहे त्यांनी मालकाला विचारून त्याच्या रानात मांडावी, हे बरे.

एका मुलीचा भाऊ बंगळूरला नोकरीला आहे. त्याने दळलेल्या कॉफीचा अर्ध्या किलोचा पुडा पाठवला होता. आमच्याबरोबर एक काका होते, वय सत्तरीच्या पुढे, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. पुडा बघून ते म्हणाले, "कॉफी कशापायी? कोण आजारी हाय का?"

मुले हसली, पण काकांचे चुकले नव्हते. आमच्या वस्तीत कॉफी म्हणजे तापातून उठलेल्याला किंवा सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांना द्यायची वस्तू, दुधात उकळून वर जायफळ उगाळलेली. एरवी चहाच. वास्तविक कॉफीचा मुलूख आपल्याला दूर नाही. बाबा बुदन नावाच्या सूफी संताने येमेनमधून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा आहे, आणि तो डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मिरजेहून रात्रीच्या गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी माणूस त्या मुलखात पोचतो.

आता कृती सांगतो, कारण भगिनी विचारतील. चुलीच्या भोवतीचे गवत दोन-दोन हात खुरपून टाकावे आणि जवळ मातीची पाटी भरून ठेवावी. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवावा, म्हणजे काजळी घासत बसावे लागत नाही. जळणाला आम्ही तुरीच्या काटक्या आणि शेणी वापरल्या. बांधावर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांचा ढीग होता, पण त्या बागेवर वर्षभर औषधाची फवारणी चालते. तसला धूर अन्नाला नको.

लिटरभर पाण्याला पन्नास ते साठ ग्रॅम पूड लागते. आमच्या पुड्यात चिकोरी मिसळलेली होती. चिकोरी म्हणजे एक मुळी, ती भाजून दळतात. तिने रंग आणि कडवटपणा वाढतो, म्हणून आम्ही पूड थोडी कमी घेतली. पाण्याला खळखळून उकळी आली की पातेले खाली उतरवावे, अर्धा मिनिट थांबावे आणि मग पूड टाकून झाकण ठेवावे. चहासारखी चुलीवर उकळत ठेवली की कॉफी कडू होते. आमचे पहिले पातेले याच चुकीने वाया गेले. चार मिनिटांनी एकदा ढवळून वर गार पाण्याचा हबका मारावा. गाळ खाली बसतो. मग सुती फडक्यातून गाळून घ्यावी. गूळ घालायचा असेल तर दूध चुलीवर असताना घालू नये, दूध फाटते. पेल्यात घालावा. डोंगरावर गेलात तर आणखी एक गंमत लक्षात ठेवा. दर तीनशे मीटर चढले की पाणी साधारण एक अंश आधीच उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणजे कॉफीला हवे तेवढेच. तिथे अर्धा मिनिटही थांबायला नको.

पण हे सगळे पाणी असेल तर. काकांनी घरून वीस लिटरचा कॅन भरून आणला होता. एस.टी.त, मग टमटममध्ये, तो त्यांनी मांडीजवळ धरून ठेवला होता. मुले म्हणाली, "काका, तिथं विहीर आहे की." काका म्हणाले, "असू दे. आपलं पाणी आपल्याजवळ असावं."

रात्री जेवणे झाल्यावर शेकोटीजवळ साताऱ्याच्या एका मुलीने बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधला १९०१ चा प्रवास वाचून दाखवला. तो पुष्कळांना ठाऊक असेल. वडील रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशिअर होते. बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून, जरीच्या टोप्या घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. दुप्पट भाड्याने गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर. रात्री जकात नाक्यापाशी मुक्काम पडला. जवळ खायला भरपूर होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. आणि वडील ज्या कामावर होते ते काम कशाचे? तलाव खणण्याचे.

वाचन संपल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग आपले सांगू लागले. लहानपणी त्यांच्या गावच्या फाट्यावर हॉटेल होते. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा, त्यात कान तुटलेले दोन कप. आपणच कप काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झाले की आपणच विसळून कोनाड्यात पालथा घालायचा. "लोकं म्हणत्यात उघड्यावर चहा प्यायला मजा येती. आमी सगळा चहा उघड्यावरच प्यालो." १९७२ च्या दुष्काळात ते आटपाडीकडे खडी फोडायला होते. दुपारी तीन दगडांवर गुळाचा कोरा चहा व्हायचा. तिथेही पिंपावर पाणी वाढणारा एक माणूस ठरलेला असे आणि यांनी ओंजळ धरायची. त्या भागातले पाणी मचूळ, त्यामुळे चहाही तसाच. "पण दिवसभर खडी फोडल्यावर तो बी ग्वाड लागायचा," एवढे बोलून ते झोपायला गेले.

सकाळी कॅनमध्ये तळाला दोन-तीन तांबे पाणी उरले होते. चौदा जणांच्या कॉफीला ते कुठून पुरणार? पुडा आणणारी मुलगी कळशी घेऊन सरळ विहिरीकडे गेली. आम्ही उठून तिच्यामागे जायला हवे होते, गेलो नाही. आमची नोकरी सरकारी, भाषणे आम्ही चौकात करतो, आणि तरी त्या वेळी पाय जड झाले हे कबूल केले पाहिजे. दहा मिनिटांत ती भरलेली कळशी घेऊन आली.

काकांनी विचारले, "काय म्हणाले?"

"काय म्हणणार? मोटार चालू करून दिली."

"कुणाची पोर, इचारलं न्हाई?"

"नाही काका. कॉफी कसली करताय, एवढंच विचारलं."

कॉफी होता होता मालक स्वतःच आले. वयस्क, डोक्याला मफलर, बोलायला मोकळे. द्राक्षाला पडलेल्या थंडीबद्दल बोलले, मण्यांना तडे जातील म्हणाले. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. आमच्याजवळ पेले नऊ आणि माणसे चौदा, तेव्हा कोणाचा तरी पेला विसळून त्यांना द्यावा लागणार हे त्यांना दुरून दिसले असेल. किंवा घरातून निघताना पेला सहज हातात आला असेल. किंवा तिसरेच काही असेल. आम्हांला ते आजही ठरवता येत नाही, आणि मुलांमध्ये त्यावरून परतीच्या वाटेवर चांगला वाद झाला. ज्या मुलीने पाणी आणले ती म्हणाली, थंडीत गरम प्यायला मिळणार म्हणून माणूस पेला घेऊन आला, एवढी साधी गोष्ट तुम्ही का फाडता? दुसरा मुलगा म्हणाला, तू विहिरीवर गेलीस तेव्हा त्यांनी कळशी तुझी की त्यांची, हे बघितले होते का?

काकांनी मात्र फडके धरून त्यांचा पेला काठोकाठ भरला. मालकांनी एक घोट घेतला, तोंड थोडे वाकडे केले आणि म्हणाले, "कडक हाय."

"जायफळ पाहिजे हुतं," काका म्हणाले.

"आमची म्हातारी घालायची." मालकांनी पेला पुन्हा पुढे केला.

नऊच्या सुमारास आम्ही चुलीवर पाणी ओतले, वर माती टाकली, राख गार झाल्याची खात्री केली आणि सामान आवरले. काका कुठे दिसेनात. पाहतो तर ते विहिरीवर उभे होते. मोटार चालू होती आणि ते आपला वीस लिटरचा कॅन भरून घेत होते. आम्ही म्हटले, काका, आता घरीच तर जायचे आहे, एवढे ओझे कशाला?

"वाटंत लागंल," म्हणाले, आणि झाकण घट्ट फिरवले.