एकटा अणू आणि आपली प्रयोगशाळा

अकरावी-बारावीच्या प्रयोगाच्या तासिका कमी करून तो वेळ प्रवेश-परीक्षांच्या सरावाला द्यावा, अशी सूचना काही पालकांनी पालकसभेत केली आहे. त्यामागची काळजी मी समजू शकतो. तरीही मला ही सूचना मान्य नाही. का नाही, हे रसायनशास्त्रात सध्या जोरात चाललेल्या एका कामाचा आधार घेऊन सांगतो.

विषय उत्प्रेरकाचा आहे. 'अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक' ही व्याख्या आपली मुले घडाघडा म्हणतात. गुणही मिळतात. पण व्याख्या चुकीची आहे. उत्प्रेरक भाग घेतो, चांगलाच घेतो. तो रेणूंना आपल्या पृष्ठभागावर धरतो, त्यांचे जुने बंध सैल करतो, नवे बंध जुळू देतो आणि काम झाल्यावर पुन्हा मोकळा होतो. धरणे फार सैल असेल तर काम सुरूच होत नाही आणि फार घट्ट असेल तर तयार झालेला पदार्थ सुटत नाही. ही बाब फ्रान्सच्या पॉल साबात्ये यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज या विषयाला महत्त्व आले आहे ते हायड्रोजनमुळे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभी करायची, असे उद्दिष्ट आहे. हा हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनाने मिळवायचा. सिद्धांताप्रमाणे त्याला १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात मात्र बरेच जास्त द्यावे लागतात. वरचा खर्च कमी करणे हे उत्प्रेरकाचे काम. ज्या यंत्रांत आम्लधर्मी पटल वापरतात, त्यांत एका बाजूला प्लॅटिनम आणि दुसऱ्या बाजूला इरिडियम लागते. इरिडियमचे साऱ्या जगाचे वार्षिक उत्पादन दहा टनांहूनही कमी आहे आणि त्यातला बहुतेक वाटा दक्षिण आफ्रिकेचा आहे. अशा धातूच्या भरवशावर एवढे मोठे उद्दिष्ट कसे गाठणार?

इथे एक सोपे गणित करून पाहावे. प्रत्येक बाजूला १०० अणू असलेला धातूचा चौकोनी कण घ्या. त्यात एकूण दहा लाख अणू झाले. आतल्या ९८ × ९८ × ९८ अणूंना बाहेरचे काहीच दिसत नाही. वजा करा: पृष्ठभागावर राहतात फक्त ५८,८०८, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. बाकीचे चौऱ्याण्णव टक्के सोन्याच्या भावाचे अणू नुसते बसून! कण लहान केला, बाजूला १० अणू ठेवले, तर हजारातले ४८८ कामाला लागतात. हाच विचार शेवटपर्यंत नेला की येतो एकल-अणू उत्प्रेरक: धातूचा प्रत्येक अणू सुटा, प्रत्येक अणू कामावर.

सुट्या अणूंची खोड अशी की ते स्वस्थ बसत नाहीत. सरकतात आणि एकमेकांना चिकटून पुन्हा कण बनवतात. म्हणून त्यांना बांधून ठेवावे लागते. २०११ साली चीनमधील ताओ झांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून दाखवले आणि 'एकल-अणू उत्प्रेरण' हे नाव रूढ झाले. तो प्रयोग विजेचा नव्हता, कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणाचा होता. विजेच्या अभिक्रियांसाठी आता कार्बनच्या पातळ थरात नायट्रोजनचे चार अणू आणि त्यांच्या मधोमध लोह, कोबाल्ट किंवा निकेलचा एक अणू, अशी रचना फार वापरतात. आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनमध्येही लोहाचा अणू असाच चार नायट्रोजनांच्या मध्ये बसलेला असतो. शेजारचे अणू बदलले की मधला अणू रेणूला किती घट्ट धरतो तेही बदलते. साबात्ये यांनी ओळखलेला तो समतोल आता एकेका अणूच्या पातळीवर साधता येतो, म्हणूनच याला 'रचना करणे' म्हणतात.

पण हुरळून जाण्याचे कारण नाही. आम्लात आणि विजेच्या दाबाखाली हे लोहाचे अणू निसटतात आणि उत्प्रेरक लवकर मंदावतो. कारखान्याला वर्षानुवर्षे चालणारी वस्तू लागते. शिवाय काही कामे एकट्याची नव्हेतच. कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड करायला निकेलचा एकटा अणू चांगला. पण दोन कार्बन जोडून इथिलीन करायचे तर साधारणपणे शेजारी-शेजारी जागा लागतात आणि तिथे तांब्याचा पृष्ठभाग सरस ठरतो.

आता एक शब्दांची गोष्ट. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत 'परमाणु' म्हणजे मराठीतला अणू आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठीतला रेणू. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि पुस्तक इंग्रजी, अशा आपल्या मुलाने 'एकल-अणू' हा शब्द ऐकला तर त्याच्या डोळ्यांसमोर काय उभे राहील? व्याख्या पाठ करणाऱ्याचा इथे गोंधळ होतो. ज्याला वस्तू कळली आहे तो तिन्ही शब्द बिनधास्त वापरतो.

आणि ही वस्तू आपल्यापासून लांब नाही. धातूचा अणू खरोखर एकटा आहे की त्याच्या शेजारी दुसरा धातूचा अणू आहे, हे ओळखण्याची एक मुख्य पद्धत म्हणजे क्ष-किरण शोषण. त्यासाठी लागणारे प्रखर क्ष-किरण आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात, ज्याला आपण अजून 'कॅट'च म्हणतो, तिथल्या इंडस-२ या यंत्रातून मिळतात. तिथे उद्या काम करणारी मुले प्रश्नपत्रिका सोडवण्याच्या सरावातूनच घडतील का? सराव हवाच. पण ज्याने विद्युतअग्रावरचे बुडबुडे कधी मोजले नाहीत, त्याला 'अग्राचा धातू बदलला तर काय होईल' हा प्रश्न सुचणार कसा?

म्हणून माझे मत असे की तासिका कमी करू नयेत, उलट त्यांचा उपयोग सुधारावा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात आधी पेन्सिलीतल्या शिसाची आणि मग निकेलची अग्रे बुडवून, तेवढ्याच प्रवाहाला किती व्होल्ट लागतात ते मुलांनी स्वतः मोजावे. (मीठ घालू नये, क्लोरीन वायू निघतो.) हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड टाकून, नंतर ते गाळून, वाळवून पुन्हा वजन करावे. या दोन प्रयोगांना महागडे साहित्य लागत नाही. उत्प्रेरकाची व्याख्या मग मुले स्वतःच्या शब्दांत लिहितील, आणि ती बरोबर असेल.

पालकांनी पुढील सभेपूर्वी एखाद्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन मुलांचे काम पाहावे, ही विनंती. निर्णय त्यानंतर एकत्र बसून घेऊ.