गिऱ्हाइकांची पाणबुडी

जर्मनीतल्या कील शहराच्या एचडीडब्ल्यू गोदीने जगाला ‘२०९’ जातीची पाणबुडी दिली. पहिली १९७१ मध्ये ग्रीसला मिळाली. ग्रीसचा हाडवैरी तुर्कस्तानही आला. पेरू, अर्जेंटिना, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया अशी रांगच लागली. आपल्या ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ तिथल्याच; १९८६ मध्ये त्या नौदलात दाखल झाल्या. ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. आपल्याकडे गाजली ती फक्त या व्यवहारातली दलाली. डझनाहून अधिक देशांसाठी अशा साठच्या वर बोटी झाल्या. या यादीत एका देशाचे नाव कधीच आले नाही. तो देश म्हणजे जर्मनी.

कारण दिले जाते आणि ते खोटेही नाही. बाल्टिक समुद्र उथळ आहे, तिथे लहान बोट बरी. म्हणजे ‘२०९’ घरच्या गरजेसाठी नव्हतीच. ती पहिल्यापासून दुसऱ्यांच्या भांडणांसाठी होती.

ही भांडणे कुठवर जातात, ते १९८२ मध्ये दिसले. अर्जेंटिनाच्या ‘सान लुईस’चे भाग कीलमध्ये घडले होते, जोडणी अर्जेंटिनात झाली होती. फॉकलंडच्या युद्धात तिने ब्रिटिश युद्धनौकांवर टॉर्पेडो सोडले. टॉर्पेडोही जर्मनच. ते लागले नाहीत. लागले असते, तर नाटोतल्या मित्राची जहाजे मित्राच्याच मालाने बुडाली असती.

त्याच वर्षी कीलमध्ये नाविकांच्या बंडाच्या स्मारकाचे अनावरण झाले. हरलेल्या पहिल्या महायुद्धात शेवटच्या मरणफेरीवर जायला जर्मन नाविकांनी नकार दिला, त्यांना अटक झाली आणि त्यांच्या सुटकेसाठी ३ नोव्हेंबर १९१८ रोजी कील रस्त्यावर उतरले. सात जण गोळीबारात मेले. सहा दिवसांत कैसरचे सिंहासन गेले. या बंडाचा कीलला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. २०११ मध्ये स्टेशनसमोरच्या चौकालाही या नाविकांचे नाव दिले गेले.

स्मारक उभे राहिल्यावर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, कीलच्या दोन नव्या पाणबुड्या चिलीच्या नौदलात दाखल झाल्या. तिथे तेव्हा पिनोशेची लष्करी राजवट होती. गोदी खासगी होती, तिच्यावर शहराचा काय ताबा, असेही म्हणता येत नाही. तिचे बहुतांश भांडवल केंद्र सरकारच्या कंपनीचे होते. उरलेला सुमारे चौथा हिस्सा श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याचा, आणि त्या राज्याची राजधानी कीलच.

गोदीतल्या कामगारांना काम हवे, यात वाद नाही. पण हुकूम नाकारणाऱ्यांच्या नावाने स्मारक उभारणाऱ्यांना एक ऑर्डर नाकारता आली नाही. स्मारकाचा खर्च एकदाच येतो. ऑर्डर नाकारली, तर तो वर्षानुवर्षे सोसावा लागतो. कीलने स्वस्तातला मान पदरात पाडून घेतला.