लठ्ठ मुलाच्या उपचारात आधी तपासावी घराची तयारी

शाळकरी वयाच्या मुलांमध्ये जगभरात आता कमी वजनापेक्षा लठ्ठपणाचे प्रमाण जास्त आहे. ‘युनिसेफ’च्या सप्टेंबर २०२५ मधील अहवालानुसार ५ ते १९ वयोगटातील ९.४ टक्के मुले लठ्ठ, तर ९.२ टक्के कमी वजनाची आहेत. दक्षिण आशियात अजून कमी वजनाचीच मुले अधिक आहेत. तरीही भारतात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दोन फेऱ्यांदरम्यान, म्हणजे २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात, २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेले.

अशा मुलाला डॉक्टरांकडे नेले की बहुधा आहाराचा तक्ता मिळतो. तो फ्रिजवर चिकटतो आणि महिन्याभरात विसरला जातो. मग दोष मुलाच्या माथी येतो: ‘तोंडावर ताबा नाही.’ पण दहा वर्षांचे मूल किराणा भरत नाही, भाजीला तेल किती घालायचे हे ठरवत नाही, शिकवणीच्या वेळाही ठरवत नाही. उपचार मुलावर असले, तरी ते अमलात आणणारे हात घरातील मोठ्यांचे असतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टाईन यांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. मूल आणि पालक या दोघांच्याही सवयी बदलण्यावर भर दिलेल्या गटात, दहा वर्षांनंतर मुलांच्या जादा वजनाचे प्रमाण सुरुवातीपेक्षा ७.५ टक्के अंकांनी कमी होते. केवळ मुलावर भर दिलेल्या गटात ते ४.५ अंकांनी वाढले होते.

म्हणूनच तक्ता देण्याआधी घराची तयारी जोखायला हवी. त्यासाठी प्रेरणात्मक संवादाच्या पद्धतीत एक साधा प्रश्न विचारतात: हा बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो, शून्य ते दहामध्ये सांगा. उत्तर ‘चार’ आले, तर ‘इतके कमी का’ असे न विचारता ‘दोन का नाही’ असे विचारायचे. मग पालक स्वतःच आपली कारणे सांगू लागतात. दुसरा प्रश्न असतो, हे जमेल याची खात्री किती? महत्त्व नऊ आणि खात्री तीन असेल, तर त्या घराला उपदेश नको, मार्ग हवा.

एकाच घरात उत्तरे वेगळी येऊ शकतात. आईला काळजी असते. आजीला नातू ‘खात्यापित्या घरचा’ वाटतो. वडील म्हणतात, उंची वाढली की बारीक होईल. रोज स्वयंपाक करणारी आणि बाजारहाट करणारी व्यक्ती या संभाषणात नसेल, तर होकार कागदावरच राहतो.

मात्र या तपासणीचा गैरवापरही होऊ शकतो. ‘कुटुंब तयार नाही’ असा शेरा मारून मुलाला परत पाठवणे सोपे असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘थोडे थांबून पाहू’ हे धोरण नाकारले. कुटुंबाला सोबत घेऊन ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तासांचे समुपदेशन द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. हा वेळ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळणे कठीण, आणि दोन पगारांवर चालणाऱ्या घरालाही तो काढणे कठीण. पालकांना रजा मिळत नसेल, तर ती अडचण आहे. तिला अनास्था म्हणता येणार नाही.

शिवाय तयारी वाढवता येते. दोन ते आठ वर्षांच्या मुलांवरील एका अमेरिकी चाचणीत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ या दोघांनी पालकांशी असा संवाद साधला. दोन वर्षांत बीएमआयनुसार समवयस्क शंभर मुलांतील या मुलांचे स्थान सरासरी ४.९ अंकांनी खाली आले. नेहमीचे उपचार मिळालेल्या मुलांचे १.८ अंकांनी. फरक मोठा नाही, पण तो पालकांशी बोलून साधलेला आहे.

घराच्या तयारीवरून सुरुवात कोठून करायची हे ठरावे, उपचार द्यायचे की नाही हे ठरू नये. तयारी कमी असेल, तर घरात आणली जाणारी शीतपेयांची बाटली बंद करणे एवढाच पहिला टप्पा पुरे. मात्र मूल झोपेत जोरात घोरत असेल, मानेवरची त्वचा काळी, जाडसर झाली असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर घराच्या होकाराची वाट न पाहता तपासण्या लगेच व्हायला हव्यात.