बँड ओळखा, पण आधी शब्द फोडा!

रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत फॅमिली ग्रुपवर एक कोडं येऊन पडतं. एक भुंगा, एक ढोल, आणि खाली ओळ : ‘ओळखलंत तर तुम्ही खरे म्युझिक लव्हर!’ अर्ध्या मिनिटात काका उत्तर टाकतात, ‘बीटल्स.’ मावशी अंगठा दाखवते. आणि आपण, म्हणजे ज्यांचा सगळा दिवस कानात इअरबड्स घालून जातो ते, गप्प. असं तुमच्याकडेही होतं ना?

जुन्या बँड्सवरची ही शब्दकोडी सध्या सगळीकडे फिरतायत. ग्रुपवर, रील्सवर, कॉलेज फेस्टच्या क्विझमध्ये, ऑफिसच्या ‘फन फ्रायडे’ला. टाइमपास म्हणून सोडून देता आलं असतं. पण ही कोडी इतकी जमतात कशी, आणि नेमकी आत्ताच का, हे थोडं उलगडून बघायला हरकत नाही.

पहिलं कारण सोपं आहे. त्या बँड्सची नावंच मुळात कोडी आहेत. बडी हॉली या गायकाच्या साथीदारांचं नाव होतं ‘क्रिकेट्स’, म्हणजे रातकिडे. लिव्हरपूलच्या पोरांनी त्यावरून भुंगा उचलला आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलून त्यात ‘बीट’, म्हणजे ठेका बसवला. आपल्या व्याकरणाच्या बाई याला सरळ ‘श्लेष’ म्हणाल्या असत्या. ‘ॲबा’ हे चौघांच्या नावांचं पहिलं अक्षर घेऊन केलेलं नाव, रोमन लिपीत उलटं वाचलं तरी तेच. गंमत म्हणजे स्वीडनमध्ये त्याच नावाची मासे डबाबंद करणारी कंपनी आधीच होती. त्यामुळे नाव वापरायला तिची परवानगी घ्यावी लागली.

आपल्याकडेही हा खेळ होता. रेशमाचा व्यापार ज्या वाटेने चालायचा ती वाट? ‘सिल्क रूट’. गोऱ्यांच्या राज्यातली चुलत भावंडं? हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे ‘कलोनियल कझिन्स’. पंचमहाभूतांपैकी एक, मुक्काम पोस्ट पुणे? ‘अग्नी’. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने तर 1993 मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. पाश्चात्त्य यंत्रापासून थेट सिंधू नदीपर्यंत! नाव बदलण्यामागे ‘आपण नक्की कोण?’ हा प्रश्न होता, हे सांगायला वेगळा लेख लागत नाही.

म्हणजे नाव फोडलं की आतून काळ बाहेर येतो. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण ‘यूबी 40’. कोडं असं घालता येईल : ‘सरकारी कार्डाचा नंबर, पण ठेका रेगेचा.’ 1978 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये काही बेकार पोरं एकत्र आली. बेकारी भत्त्यासाठी नाव नोंदवणाऱ्याला जे कार्ड मिळायचं त्याचा हा क्रमांक. तेच त्यांनी बँडचं नाव केलं. 1980 च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर ते पिवळं कार्डच छापलं आणि अल्बमचं नाव ठेवलं ‘साइनिंग ऑफ’. एक अर्थ निरोप घेणं, दुसरा अर्थ भत्त्याच्या यादीतून नाव काढून घेणं. स्पर्धा परीक्षेच्या हॉल तिकिटावरचा नंबर तोंडपाठ असलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींना हा विनोद समजावून सांगायची गरज नाही.

आता दुसरं कारण, ते जरा कमी गोड आहे. आठवणींना सध्या बाजारभाव आहे. जानेवारी 2025 मध्ये ‘कोल्डप्ले’ नवी मुंबईत आणि अहमदाबादला वाजले. तिकिटं बघता बघता संपली आणि पुनर्विक्रीच्या साइट्सवर लाखांचे भाव लागल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ‘गन्स एन रोझेस’ मुंबईत येऊन गेले. लंडनमध्ये 2022 पासून ‘ॲबा’चे डिजिटल अवतार स्टेजवर नाचतायत. 2023 मध्ये जॉन लेननच्या जुन्या कॅसेटमधला आवाज यंत्राच्या मदतीने वेगळा काढून ‘बीटल्स’चं शेवटचं म्हणून गाणं आलं. असा सगळा माहोल असताना ‘मला जुनं माहितीये’ हे सांगणं हा एक रुबाब होतो. कोडं सोडवलं की तो रुबाब फुकटात मिळतो.

खटकतं ते इथे. कारण या रुबाबातून काही जण बाहेर फेकले जातात. माझंच सांगते. तालुक्याच्या गावातून पुण्यात आले त्या पहिल्या वर्षी मैत्रिणींनी ओढत एका क्विझला नेलं. राउंडचं नाव ‘रॉक लेजंड्स’. आमच्या घरी कॅसेटी होत्या त्या भावगीतांच्या आणि भजनांच्या. एकाही बँडचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. पडद्यावर चित्र आलं : एका चौकोनात ‘पीबी’ अशी रोमन अक्षरं, शेजारी सिगारच्या आकाराचं हवाई जहाज. रसायनशास्त्रात शिशाची संज्ञा पाठ केलेली होती. तसलं जहाज लायब्ररीतल्या पहिल्या महायुद्धावरच्या पुस्तकात पाहिलेलं होतं. मी हळूच म्हटलं, ‘लेड... झेपेलिन?’ टीमला दहा गुण मिळाले. टाळ्या संपल्यावर शेजारच्या मुलाने विचारलं, ‘फेव्हरेट अल्बम कुठला?’ मी पाण्याची बाटली उघडत बसले.

खूप दिवस मला वाटायचं, मी फसवून गुण मिळवले. आता उलट वाटतं. त्या बँडचं नावही एका टोमण्यातूनच आलं. हा बँड शिशाच्या फुग्यासारखा आपटेल, असा तो टोमणा. लोकांनी उच्चार ‘लीड’ करू नये म्हणून स्पेलिंगमधला एक ‘ए’ गाळून टाकला. म्हणजे शिसं आणि विमान जोडून मी जे केलं, तेच त्या पोरांनीही केलं होतं. चांगलं कोडं हेच करतं. ज्याला माहीत नाही त्यालाही भाषेच्या खिडकीतून आत येऊ देतं. वाईट कोडं फक्त तुमच्या घरी कुठल्या कॅसेटी होत्या ते तपासतं.

म्हणून ग्रुपवर फिरणाऱ्या कोड्यांना ही एक कसोटी लावून बघा. बँडचा फोटो अर्धा झाकून ‘ओळखा’ म्हणणं हे कोडं नाही, ती हजेरी आहे. शब्द फोडून उत्तरापर्यंत पोचता आलं तर ते कोडं. आणि हो, स्क्रीनशॉट काढून एआयला विचारलं की उत्तर दोन सेकंदांत येतं. पण मग आपण सोडवलं काय?

एआयवरून आठवलं. 2025 च्या उन्हाळ्यात ‘द वेल्वेट सनडाउन’ नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळाले. नाव कसं अगदी सत्तरीतलं, मखमली. पण त्यात माणसंच नव्हती. संगीत एआयच्या मदतीने बनवलंय, हे नंतर त्या बँडच्या पानावरच मान्य केलं गेलं. या नावाचं कोडं करून बघा. मखमल अधिक मावळती, उत्तर मिळतं. पण त्याच्या मागे रातकिडे नाहीत, बेकारीचं कार्ड नाही, मित्राचा टोमणा नाही. नाव फोडलं तर आत काहीच नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी गप्प बसू नका. काकांना उत्तर विचारून झालं की, ‘हे नाव ठेवलं का?’ तेही विचारा. कदाचित त्यांनाही माहीत नसेल, मग दोघं मिळून शोधा. आणि ‘तुला हेही माहीत नाही?’ असं कोणी म्हणालं, तर त्याच्यावर हे सोडा : ‘दिल्लीचा डॉक्टर, स्टेजवर गातो, चिठ्ठी लिहून देत नाही, तरी त्याच्या बँडच्या नावातच आनंदाचा झटका.’

उत्तर देणार नाही. शब्द फोडा.