डिग्री जर कागदाचा तुकडा आहे, तर तो फेकायला आम्हालाच का सांगता?



जयंतीच्या महिन्यात अकोल्याच्या एका वस्तीत ‘करिअर मार्गदर्शन’ ठेवलं होतं. पोरांनी वर्गणी करून बाहेरून वक्ता आणला. माणूस आपल्यातलाच, कोट-टाय लावलेला, बोलायला फर्डा. तासभर बोलला. सार एवढंच की डिग्री म्हणजे कागदाचा तुकडा, आता स्किल चालतं, अनुभव चालतो. बिल गेट्सनं कॉलेज सोडलं, तुम्ही कशाला तीन वर्षं वाया घालवता? मागं बाबासाहेबांचा फोटो होता. ज्या माणसानं कोलंबियातून एमए-पीएचडी, लंडनमधून एमएस्सी-डीएस्सी आणि वरून बॅरिस्टरी मिळवली, त्याच्या फोटोखाली उभं राहून हा गृहस्थ आमच्या पोरांना डिग्री फेकायला सांगत होता. पोरं टाळ्या वाजवत होती. निघताना त्यानं मला कार्ड दिलं, त्यावर नावापुढं ‘एमबीए’ छापलेलं!

मी आयोजकांच्या भिडेखातर गप्प बसलो. ती माझी चूक. दीड महिन्यानं त्याच वस्तीतल्या एका बापाचा अमरावतीला मला फोन आला. बाजार समितीत हमाली करतो. पोरगा बीएस्सीचं दुसरं वर्ष झालेला.

“भाऊ, पोट्टा तिसऱ्या वर्षाले नाव घालत नाई म्हणते. मोबाइलच्या दुकानात बसते. तुमी होते नं त्या दिवशी स्टेजवर? आता तुमीच समजावा त्याले.”

होतो मी स्टेजवर. म्हणून अकोल्याला गेलो, आणि म्हणूनच हा लेख.

पोरगा भेटला. दुकानदार त्याला ‘शिकतो आहेस’ म्हणून महिन्याला पाच हजार देतो. सकाळी दहा ते रात्री नऊ. मी काही बोलायच्या आधी तोच बोलला, आणि खरं सांगतो, त्याच्या बोलण्यात खोट काढता आली नाही. प्रॅक्टिकलला एका उपकरणावर पाच-सहा पोरं. अर्धे सर तासिका तत्त्वावर. नेट-सेट झालेले, काही तर पीएचडी, आणि मानधनाची वाट पाहत दुपारी ट्यूशन घेणारे. “काका, डिग्री असलेल्या माणसाचे हाल मी रोज वर्गात पाहतो. मग मी कशाले तिच्या मागं लागू?” या प्रश्नाला ‘शिका, संघटित व्हा’ एवढं म्हणून उत्तर होत नाही. आमच्या सभांमधून तेवढंच उत्तर मिळतं, म्हणून पोरं कोट-टायवाल्याकडे वळतात.

तर आता नीट बोलू.

पहिला प्रश्न, हा अनुभव देतो कोण? डिग्री विद्यापीठ देतं. तिथं प्रवेशाचा नियम आहे, आरक्षण आहे, यादी बोर्डावर लागते, अन्याय झाला तर अर्ज करता येतो, कोर्टात जाता येतं. अनुभव मालक देतो. तो ज्याला जवळ बसवतो त्याला अनुभव मिळतो. दुकानाच्या गल्ल्यावर, जिनिंगच्या हिशेबाच्या खोलीत, ठेकेदाराच्या साइटवर कोणाला बसवायचं आणि कोणाला गाठोडी उचलायला लावायची, याची यादी कुठल्याच बोर्डावर लागत नाही.

माझ्या आजीनं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. बोंड हातात घेऊन ती सांगायची, यंदा धागा आखूड आहे, भाव पडणार. तिला कोणी कापूसतज्ज्ञ म्हटलं नाही. कापूसतज्ज्ञ अकोल्याच्या कृषी विद्यापीठात असतो, १९६९ पासून आहे, आणि त्याच्याकडे डिग्री असते. अनुभवालाच जर किंमत असती, तर या देशात सगळ्यात श्रीमंत आम्हीच असतो. मेलेली जनावरं ओढण्याचा, गटारं उपसण्याचा, वेठबिगारीचा अनुभव आमच्याइतका कोणाकडे आहे?

यावर कोणी म्हणेल, ही जुनी गावगाड्याची गोष्ट झाली, कारखान्यात असं नसतं. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली, पण कापड विणण्याच्या खात्यात त्यांना घेत नसत. पगार तिथंच जास्त. कारण काय, तर कांडी बदलताना नवं सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. म्हणजे अनुभव होता, वीस-वीस वर्षांचा होता, पण ज्या खात्यातल्या अनुभवानं पगार वाढतो त्या खात्याचं दार बंद होतं.

आपल्या वऱ्हाडातली गोष्ट हवी असेल तर रेल्वेची घ्या. बडनेरा-अकोल्यावरून जाणारी लाइन तेव्हा जीआयपी रेल्वेची होती. त्या रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी तिथंच सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणातली दुसरी गोष्ट मात्र आपण विसरतो. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, हमालसुद्धा होत नाही, असं त्यांनी सांगितलं. का, तर स्टेशन मास्तर हमालाकडून घरची कामं करून घेतो, आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही. रूळ ठोकण्याचा आयुष्यभराचा अनुभव अशा वेळी काय कामाचा?

हे समजून घेतलं की ‘पुस्तकी शिक्षणापेक्षा हाताचं काम श्रेष्ठ’ हे वाक्य कोण, कोणाला, कधी सांगतो याकडे लक्ष जातं. अमरावतीच्या शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवायचा, आणि मुलांच्या हातच्या कामातून पुढं मास्तरांचा पगारही निघावा, अशी ती नई तालीम. १९५३ मध्ये मद्रासला राजाजींनी त्याच्याही पुढं जाऊन अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकण्याला, अशी योजना आणली. चांभाराच्या पोरानं जोडे शिवायला शिकावं, न्हाव्याच्या पोरानं वस्तरा धरावा. पेरियार आणि द्रविड चळवळीनं रान उठवलं. राजाजी पायउतार झाले आणि १९५४ मध्ये कामराज यांनी मुख्यमंत्री होताच ती योजना रद्द केली.

आणि मग पुन्हा आपलं वर्धा. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान तिथं आले ते ‘पीएम विश्वकर्मा’च्या वर्षपूर्तीला. त्याच कार्यक्रमात अमरावतीच्या पीएम मित्र टेक्सटाइल पार्कचं भूमिपूजन झालं. विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक धंदे आहेत. त्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, झाडू-टोपल्या करणारे, सगळे आले. अवजारांसाठी १५ हजार, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, वर कर्ज. ज्याचं पोट त्या कामावर आहे त्यानं ते पैसे जरूर घ्यावेत, त्याच्या हातातल्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण योजनेचा जाहीर उद्देश गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेलं कौशल्य बळकट करणं हा आहे. बापाचा धंदा लेकानं चालवावा याला आम्ही आजवर जातिव्यवस्था म्हणत होतो, आता त्याला स्किल म्हणायचं. तमिळनाडू सरकारनं आहे त्या स्वरूपात ही योजना राबवायला नकार दिला. आमच्याकडे तिच्या फॉर्मची झेरॉक्स काढून वाटणारे कार्यकर्ते आपलेच होते.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीतून बाहेर पडायला दर वर्षी एक दार ठेवलं आहे. एक वर्ष शिकलात, प्रमाणपत्र घ्या आणि जा. दोन वर्षं झाली, डिप्लोमा घ्या आणि जा. काल ज्याला गळती म्हणायचे त्याला आज सोय म्हणतात. हमालाचं पोरगं त्या दारातून निघेल. प्राचार्याचं पोरगं निघेल का?

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तर थेट अनुभवाच्याच नावानं आली, ‘लाडका भाऊ’ म्हणून गाजली. बारावीवाल्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. सहा महिने. ओरड झाल्यावर आणखी पाच महिने वाढवले. शाळांत, ग्रामपंचायतींत, सरकारी कचेऱ्यांत आपली पोरं बसली, काम तेच केलं जे कायम कर्मचारी करतो. अकरा महिन्यांनी हातात प्रमाणपत्र, आणि मग कायम करा म्हणून मोर्चे. त्या प्रमाणपत्राला ना बिंदुनामावली, ना पदोन्नती. गंमत पाहा, या अनुभवाच्या योजनेतसुद्धा मानधन ठरलं ते डिग्री पाहूनच. कोट-टायवाल्या साहेबांनी हा तक्ता पोरांना दाखवायला हवा होता.

खाली आम्हाला असा अनुभव मिळतो. आता वर काय चालतं ते बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं थेट सहसचिव, संचालक अशा ४५ जागांची जाहिरात काढली. त्यासाठी खाजगी क्षेत्रातला अनुभव चालणार होता, आरक्षण मात्र नव्हतं. देशभर बोंब झाली म्हणून तीन दिवसांत मागं घेतली. विद्यापीठांत २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आहे. १५ वर्षांचा अनुभव असला की पीएचडीची गरज नाही. आमच्या पोरांनी उपाशी राहून नेट काढली, पीएचडी केली, आणि ती तासिकेवर बसली आहेत. तेवढ्यात दार दुसरीकडून उघडलं! डिग्री जोपर्यंत त्यांच्या हातात होती तोपर्यंत तिला ‘मेरिट’ म्हणत. ती आमच्या हातात आली आणि कागद झाली.

आता एक प्रामाणिक आक्षेप. खाजगी नोकरीत डिग्री असूनही आम्हाला घेत नाहीत, मग तिचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे, आणि तो आकड्यांनी सिद्ध करणारा माणूस आपल्याच अमरावती जिल्ह्यातला. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत ठेवला. दलित नावाच्या अर्जाला पुढं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाली, मुस्लिम नावाला त्याहून कितीतरी कमी. २००७ मध्ये हे छापून आलं. पण नीट वाचा, अर्जात अनुभवही सारखाच होता. म्हणजे जातीपुढं अनुभवही चालला नाही. मग जातीपुढं हरलेल्या दोन गोष्टींपैकी एकच फेकायची, आणि तीही जिच्यावर आरक्षण, स्कॉलरशिप आणि स्पर्धा परीक्षा उभी आहे ती, हे कुठलं शहाणपण?

१९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबियाची विद्या घेऊन बडोद्याला नोकरीला गेले. राहायला जागा मिळाली नाही, पारशाच्या खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. डिग्री निरुपयोगी आहे असं म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर त्या माणसाला होता. त्यांनी काय केलं? सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० मध्ये उरलेल्या डिग्र्या घ्यायला परत लंडन गाठलं.

काही जण गाडगेबाबांचं नाव घेतात. बाबा कुठं शिकले होते, तरी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अरे, तेच बाबा कीर्तनात सांगत की जेवायचं ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. स्वतःच्या निरक्षरतेचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही.

मग त्या पोराच्या रिकाम्या प्रयोगशाळेचं काय? त्याचं उत्तर मला बाबासाहेबांच्या १९४२ च्या निवेदनात सापडतं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारला लिहून दिली. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सोबतच सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी केली. डिग्रीही आणि कामही, दोन्ही हक्कानं. पुढं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळचं, नोकरी करणाऱ्या पोरालाही शिकता यावं म्हणून.

हा हक्क आज कायद्यात आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, कलम ३-अ. मालकानं प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवायच्या आहेत. तीस आणि त्यावर कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. अकोला एमआयडीसीत अशा किती आस्थापना आहेत? नांदगाव पेठेत किती? त्यांनी गेल्या तीन वर्षांत किती उमेदवार घेतले, त्यांत आपले किती, कोणत्या ट्रेडमध्ये? दोन्ही जिल्ह्यांच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट लागतं. मी अमरावतीत टाकतो आहे, अकोल्यात तुमच्यापैकी कोणीतरी टाका. पीएम मित्र पार्कची भरती सुरू व्हायच्या आधी हे आकडे आपल्या हातात पाहिजेत. आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय आहे, तासिकेवर किती आणि कायम जागा किती रिकाम्या, हाही अर्ज त्याच लिफाफ्याबरोबर जाऊ द्या.

पोराला मी एवढंच सांगितलं की दुकान सोडू नको, कॉलेजही सोडू नको. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान, आणि दुकानदाराला सांग तेवढ्या तासांचेच पैसे दे. त्यानं हो-नाही काही म्हटलं नाही. परवा त्याचा फोन आला. तिसऱ्या वर्षाला नाव घातलं. तारीख निघून गेली होती, लेट फी लागली. दुकानदारानं आगाऊ पैसे द्यायला नकार दिला. बापानं समितीतल्या दुसऱ्या हमालाकडून उसने आणले.