दुगुन आणि डीजे

आपल्या घरांत ‘डीजे’ म्हटलं की मोठ्यांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहते. मला मात्र आज दुसऱ्या डीजेबद्दल सांगायचंय. तो तासाभरात हिपहॉप, हाऊस, रॉक, जुनं डिस्को असं काहीही वाजवतो आणि तरी ऐकणाऱ्याला कुठे ठेच लागत नाही.

यातली पहिली युक्ती लयीची. मिनिटाला ८७ ठोक्यांचं हिपहॉप चालू असेल, तर १७४ ठोक्यांचं ‘ड्रम अँड बेस’ त्यावर नेमकं बसतं. तबला शिकणाऱ्यांना हे सांगायला नको, ही आपली दुगुनच! पण लय जुळली तरी सूर भांडू शकतात. म्हणून चांगला डीजे पुढचं गाणं आधी हेडफोनवर ऐकतो आणि मगच सोडतो.

आमच्या गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात हे काम कॅसेटींवर चालायचं. युरोपातल्या वेगवेगळ्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांमधलं गायन वगळून वाद्यांचे तुकडे जोडायचे आणि रात्रभर वाजवायचे. त्यातूनच पुढे ‘गोवा ट्रान्स’ जगभर गेला. नाव आमच्या भूमीचं, पण त्यात मला आमची फुगडी किंवा मांडो कधी ऐकू आला नाही. ही खंत आहेच.

मुंबईत वेगळं घडलं. १९८२ साली चरणजित सिंग यांनी भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातल्या जाणकारांनी कान टवकारले.

घरी मराठी, शेजारी कोकणी, कन्नड किंवा गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्याला मिसळणं शिकवावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की त्या मिसळीत आपलं काय असतं?

येत्या गणेशोत्सवात मंडळाने तासभर संगीत तुमच्यावर सोपवलं, तर घरातलं एखादं भजन किंवा भावगीत निवडा. त्याची लय मोजा. त्याच्या आधी आणि नंतर काय बसेल ते कानाने शोधा. मग आजीला ऐकवा. ती मान डोलवता डोलवता जिथे थांबेल, तिथला सांधा पुन्हा जुळवा.